मिरीच्या शोधात आलेली गलबते आणि वाशीची बाजारपेठ

व्यापाराचा इतिहास बहुधा राजांच्या इतिहासाच्या समासात लिहिला जातो. लढाया, तह आणि राज्याभिषेक यांच्या तारखा विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु ती लढाई कोणत्या मालासाठी झाली, तो माल कोणी पिकवला, कोणी वाहिला आणि त्याचे मोल कोणी चुकते केले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील दर्यावर्दी अज्ञात सागरांत उतरले, ही घटना याच प्रकारातली आहे. पाठ्यपुस्तकांत तिला ‘भौगोलिक शोध’ म्हटले जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती मुख्यतः एका मालाची शोधयात्रा होती, आणि तो माल होता काळी मिरी.

या इतिहासाची साक्ष पाहण्यासाठी लिस्बनला जाण्याची आवश्यकता नाही. वाशी-तुर्भे परिसरातील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले एपीएमसी मार्केट, त्यासाठी पुरेसे आहे. तेथील मसाला मार्केटच्या एखाद्या गाळ्यात मिरीची गोणी आणि लाल मिरचीचे पोते शेजारी शेजारी उभे असते. मिरी हे त्या सागरी सफरींचे कारण होते, तर मिरची हा त्या सफरींचा परिणाम होय. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये गाळ्यात हातभर अंतर असले, तरी इतिहासात त्या अंतरात समुद्राच्या स्वातंत्र्याचा अंत झाला, अनेक राज्ये बुडाली आणि कोट्यवधी माणसांचे आयुष्य पालटले. त्या अंतराचा हा धावता आढावा.

कोणा एकाचा नसलेला समुद्र

युरोपीय लोक येण्यापूर्वी पश्चिम किनारा निद्रिस्त होता, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आढळतो. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल् मसूदी चौलला येऊन गेला. ठाणे हे वस्त्रांसाठी नावाजलेले होते. उत्तरेस खंबायत आणि दक्षिणेस कालिकत, अशा या किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यांच्या आधाराने गलबते ये-जा करीत.

या व्यापारात जैन वणिकांचे स्थान मोठे होते. तेराव्या शतकातील कच्छच्या भद्रेश्वर येथील जगडूशा यांचा व्यापार इराणच्या आखातापर्यंत पसरला होता, आणि दुष्काळात आपली धान्याची कोठारे खुली करणारे दाते म्हणून त्यांचे नाव अजरामर झाले. गुजरातचे कापड हे या साऱ्या व्यवहाराचे चलनच होते. इजिप्तमधील फुस्तात येथील जुन्या वस्तीच्या उत्खननात गुजरातेत छापलेल्या सुती वस्त्रांचे तुकडे सापडले आहेत. पूर्वेकडील बेटांवर लवंग आणि जायफळ विकत घ्यायचे तर सोन्यापेक्षा गुजराती कापड अधिक उपयोगी पडे. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलाक्का येथे राहिलेला पोर्तुगीज लेखक तोमे पिरेश याने खंबायतचा व्यापार एका बाजूस एडन आणि दुसऱ्या बाजूस मलाक्का यांच्या आधारावर उभा असल्याचे नोंदवले आहे.

हा समुद्र पूर्णपणे सुरक्षित होता असे नव्हे. चाचे होते, वादळे होती, बंदरात उतरल्यावर जकात द्यावी लागे. परंतु बंदराचा धनी असला तरी साऱ्या समुद्राचा धनी कोणी नव्हता. हिंदू, जैन, मुसलमान, ज्यू अशा सर्व धर्मांचे व्यापारी एकाच वाऱ्यावर शिडे उभारीत आणि पाण्यावरून जाण्यासाठी कोणाचीही अनुज्ञा मागत नसत.

बारा कापडांचा नजराणा

मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तेथून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचे. प्रत्येक टप्प्यावर दलाली आणि जकात वाढत जाई. हे मधले हात टाळून थेट उत्पादकाच्या दारी जावे, हा विचार कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याला सहज समजेल. पोर्तुगालने त्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्याने मार्ग शोधला. इ.स. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. इ.स. १४९२ मध्ये कोलंबस स्पेनच्या वतीने पश्चिमेकडून हिंदुस्थान शोधण्यास निघाला आणि अमेरिकेला जाऊन पोहोचला. अखेर ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन लिस्बनहून निघाला. पूर्व आफ्रिकेतील मालिंदी येथे मिळालेल्या जाणकार वाटाड्याच्या साहाय्याने २० मे १४९८ रोजी तो कालिकतजवळ येऊन पोहोचला. परतीच्या प्रवासाअखेर त्याच्या निम्म्याहून अधिक माणसांना स्वदेश दिसला नाही.

कालिकतचा राजा सामूतिरी याच्यासाठी गामाने जो नजराणा मांडला, त्याची यादी त्याच्या सोबत्याच्या दैनंदिनीत मिळते. पट्टेदार कापडाचे १२ तुकडे, ४ तांबडी टोपडी, ६ टोप्या, पोवळ्यांच्या ४ माळा, हात धुण्याची ६ भांडी, एक पेटी साखर आणि तेल व मध यांची प्रत्येकी दोन पिंपे. राजाचे अधिकारी हे पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही यापेक्षा अधिक देतो, असे त्यांनी सुनावले. ज्या किनाऱ्यावरून जगाला वस्त्रे जात होती, तेथे बारा जाडेभरडे तुकडे काय भाव खाणार?

हा प्रसंग केवळ विनोदी नाही. पुढील चारशे वर्षांची किल्ली त्यात आहे. युरोपापाशी त्या काळी पूर्वेला हवा असा माल फारसा नव्हता. मालाच्या बदल्यात माल देणे ज्यांना साधले नाही, त्यांनी दुसऱ्या भेटीत तोफा पुढे केल्या. इ.स. १५०२ मध्ये गामा पुन्हा आला, तेव्हा मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे एक जहाज त्याने लुटले आणि आतील शेकडो स्त्री-पुरुष व मुलांसह जाळून टाकले. बाजारात ज्यांची पत नव्हती, त्यांनी दहशतीने पत निर्माण केली.

परवान्याचा समुद्र

इ.स. १४९४ च्या तोर्देसियाशच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिक महासागरात एक रेषा कल्पून नव्याने सापडणाऱ्या जगाचे दोन वाटे केले होते. ज्यांच्या भूमीचे वाटे झाले, त्यांना याची वार्ताही नव्हती. त्या वाटणीचे फळ आपल्या किनाऱ्याला लवकरच मिळाले. इ.स. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगिजांचा पराभव केला. परंतु पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगिजांनी त्याचा बदला घेतला. इ.स. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ त्यांच्या हाती गेले. इ.स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्यासोबत साष्टी, ठाणे व मुंबईची बेटे त्यांना दिली. आज एपीएमसीचा माल ज्या खाडीपुलावरून मुंबईला जातो, त्या खाडीच्या पलीकडचा काठ त्यानंतर दोनशे वर्षे पोर्तुगीज अमलात होता.

व्यापाऱ्यांना लढायांपेक्षा अधिक जाचक ठरली ती ‘कार्ताझ’ पद्धत. कार्ताझ म्हणजे समुद्रात जहाज हाकारण्याचा पोर्तुगीज परवाना. जहाजाचे नाव, तांडेल, शस्त्रे, माल आणि मुक्कामाचे बंदर यांची नोंद त्यात असे. ठरलेल्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरणे बंधनकारक होते आणि मिरीसारखा माल वाहण्यास मनाई होती. परवाना नसलेले जहाज जप्त होई. रस्ता ज्याने बांधला नाही, विहीर ज्याने खणली नाही, त्याने पाण्यावर टोल बसवावा, असा हा प्रकार होता. परवाना असूनही संरक्षण मिळेलच असे नव्हते. बादशहा जहांगीरच्या मातोश्रींचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज परवाना असतानाही इ.स. १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी पकडले. बादशहाच्या आईची ही गत, तर सामान्य वाण्याची काय कथा!

या बदलाचे मर्म महाराष्ट्रात ओळखले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी इ.स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर आरमाराची उभारणी आरंभिली आणि १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात सावकार हे राज्याचे भूषण मानून त्यांचा सांभाळ करण्याचा उपदेश आहे. पण त्याच प्रकरणात टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकाठी वखारीस जागा देऊ नये, असा इशाराही आहे. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे दस्तक काढून परक्या जहाजांना ते घेण्यास भाग पाडले. इ.स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तोवर मुंबई मात्र विवाहाच्या आंदणातून इंग्रजांकडे गेली होती. इ.स. १६६१ च्या करारानुसार ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झाली.

बियांचा प्रवास

तोफांच्या जहाजांतून आणखी एक माल उतरला, ज्याची नोंद कोणत्याही तहात नाही. तो म्हणजे अमेरिकेतील बियाणे आणि रोपे. साम्राज्ये आली आणि गेली. ही रोपे मात्र येथलीच होऊन राहिली.

मिरचीचे मूळ मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत आहे. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपात आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत हिंदुस्थानात आली. मिरीसारखी तिखट म्हणून मराठीने तिला मिरीचेच नाव दिले. मिरीला मलबारचा पाऊस आणि आधाराला झाड लागते. मिरची मात्र कोठल्याही परसात उगवते. त्यामुळे तिखट हे श्रीमंतांच्या ताटापुरते राहिले नाही. आज ब्याडगी, संकेश्वरी, गुंटूर अशा नावांनी तिची पोती वाशीला उतरतात, तेव्हा ती परदेशी आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

एपीएमसीच्या पाचही बाजारांत हाच अनुभव येतो. कांदा-बटाटा मार्केटमध्ये कांदा पुरातन, तर बटाटा अमेरिकेचा. त्याचे नावही पोर्तुगीज भाषेतून आले. भाजीपाला मार्केटमधील टोमॅटो, ढोबळी मिरची, फरसबी आणि लाल भोपळा मूळचे तिकडचेच. फळ मार्केटमधील पेरू, पपई, अननस, चिकू हेही तिकडचे. सीताफळाचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेतच मानतात. आंबा आपला असला तरी हापूस हे नाव पोर्तुगीज ‘अफोंसो’वरून आले आणि आंब्याची कलमे बांधण्याची कला गोव्यात पोर्तुगीज काळात विकसित झाली. दाणा बंदरात मका, राजमा आणि शेंगदाणा आहे. मसाला मार्केटमधील काजू ब्राझीलचा. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूसुद्धा मेक्सिकोहून आलेला आहे.

उपवासाच्या दिवशी महाराष्ट्रातील घरोघरी शिजणारी साबुदाण्याची खिचडी पाहावी. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची या चारही गोष्टी अमेरिकेच्या आहेत. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांनीही आपण यातून सुटलो असे समजू नये. कांदा, लसूण आणि बटाटा वगळून केलेल्या जैन पावभाजीतील टोमॅटो, ढोबळी मिरची आणि लाल तिखट सातासमुद्रापलीकडचे आहेत, आणि ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आहे. बटाट्याच्या जागी आलेले कच्चे केळे तेवढे पूर्वेकडचे!

भाषेतही ही आयात झाली. बाजारात रोज पुकारला जाणारा ‘लिलाव’, महिनाअखेरचा ‘पगार’, गाळ्याची ‘चावी’, कापडाची ‘इस्त्री’, ‘फीत’ आणि ‘काज’ हे सारे शब्द पोर्तुगिजांकडून आले. हिंदुस्थानातील पहिला छापखाना इ.स. १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला आणि फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्याच गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण न्यायालयाने लोकांचा छळ मांडला, हेही विसरता येत नाही. तंबाखूही याच मार्गाने आली. इ.स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग याने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली. जहांगीरने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. परंतु व्यसन आज्ञेने थांबले नाही, हे आजही दिसते.

चांदी, कापड आणि माणसे

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. युरोपापाशी माल नव्हता, हे वर आलेच आहे. ती उणीव अमेरिकेच्या चांदीने भरून काढली. इ.स. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. तेथील मूळ रहिवाशांना सक्तीने खाणींत राबवून काढलेली चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने सुरतेला येई, टांकसाळीत वितळे आणि तिचे मोगली रुपये होत. त्या रुपयांनी कापड, नीळ आणि मिरी विकत घेतली जाई. सुरतेचे जैन व्यापारी वीरजी वोरा यांचा काळ हाच. मिरीचा मोठा साठा त्यांच्या हाती असे आणि इंग्रज कंपनीला माल तसेच कर्ज या दोहोंसाठी त्यांच्याकडे यावे लागे. विणकर आणि व्यापारी यांना हा काळ समृद्धीचा वाटला असल्यास नवल नाही.

परंतु त्या चांदीचे मोल कोणी चुकते केले? अमेरिकेत देवीसारख्या नव्या रोगांनी आणि गुलामीने शे-दीडशे वर्षांत मूळ लोकसंख्येचा फार मोठा भाग नष्ट झाला. मजूर उरले नाहीत म्हणून आफ्रिकेतून माणसे पकडून नेण्यात आली. चार शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतील वीस लाखांच्या आसपास वाटेतच मरण पावली. आणि येथे कापडाच्या प्रत्येक व्यापाऱ्याने थांबून विचार करावा अशी एक गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ही माणसे ज्या मालाच्या बदल्यात विकत घेतली जात, त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा वाटा मोठा होता. गुजरात आणि कोरोमंडलचे निळे-पट्टेदार कापड लंडन, लिस्बन, ॲमस्टरडॅममार्गे आफ्रिकेला जाई. ज्या विणकराने ते विणले, ज्या अडत्याने ते बांधले, त्याने कदाचित मुंगीलाही दुखावले नसेल. तरी त्याचा तागा माणसाच्या किमतीत मोजला गेला.

पुढे त्या कापडावरही गदा आली. कालिकतवरून ‘कॅलिको’ आणि छींटवरून ‘चिंट्झ’ असे शब्द इंग्रजीत रुजवणाऱ्या या वस्त्रांवर इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी बंदी घातली. मग यंत्रांवर विणलेले त्यांचेच कापड येथे उतरले. आपला देशी कापूसही मागे हटला. आज महाराष्ट्रात पेरला जाणारा बहुतेक कापूस अमेरिकन वंशाचा आहे. गामाचे बारा तुकडे पाहून जेथे हसू उमटले होते, तेथील विणकराला तीन शतकांनी परक्या कापडाशी झुंजावे लागले.

ताळेबंद

जमेच्या बाजूस मिरची, मका, शेंगदाणा, काजू, पेरू आणि छापखाना. नावे बाजूस समुद्राचे स्वातंत्र्य, मोडलेले माग आणि माणसांचा बाजार. या दोन्ही बाजू एकमेकींत वळत्या करता येत नाहीत. मिरची गोड लागते म्हणून जळलेले जहाज माफ होत नाही, आणि जहाज जळले म्हणून मिरचीचा दोष ठरत नाही. रोपाला कोणताही देश नसतो; शेतकऱ्याने त्याला पाणी घातले की ते त्याचे होते.

दोष व्यापाराचाही नव्हता. जगडूशांचा काळ सांगतो की, समुद्र ओलांडूनही सचोटीने व्यापार होऊ शकतो. दोष होता तो तराजूच्या पारड्यात तलवार टाकण्याचा. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रताला स्थान आहे. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा त्यात स्वतःच घालून घ्यायची असते. तोर्देसियाशच्या तहातही रेषाच आखली गेली. पण ती इतरांच्या भूमीवर. दिग्व्रताची रेषा स्वतःच्या लोभावर असते.

मस्जिद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट परिसरातील घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला आले. धान्य बाजारासोबत ‘दाणा बंदर’ हे नावही आले. जहाज लागत नाही अशा ठिकाणी बंदराची आठवण टिकून राहिली. जवळच न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून आज मसाले, तांदूळ आणि कापड जगभर जाते, आणि जगातून सुकामेवा व कडधान्ये या आवारात येतात. कोणाचाही कार्ताझ न घेता चालणारा हा व्यवहार सहज लाभलेला नाही. त्यामागे आरमारे, लढे आणि स्वातंत्र्य आहे.

म्हणून आवारातील तरुण व्यापाऱ्यांनी हा इतिहास जाणून घ्यावा. भाव, वजन आणि पट्टी यांची नोंद वहीत होतेच. आपला माल कोणाच्या श्रमातून आला आणि अखेर कोणत्या कामी लागला, ही चौकशी वहीत मावत नाही. ती ज्याची त्यालाच करावी लागते. पाचशे वर्षांपूर्वी ती फार थोड्यांनी केली. आज ती करणे अवघड राहिलेले नाही.